जुने कापणी-मळणी यंत्र : त्याची निगा व सुटे भाग

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात वाचलेले भाषण)



या व्यासपीठावरून विद्यार्थ्यांचा गुणगौरव, वसतिगृहाचा निधी, विवाहातील अनाठायी खर्च अशा विषयांचा ऊहापोह नेहमी होत असतो. आज आम्ही आपणांपुढे एका तेलकट, धुळकट आणि आवाज करणाऱ्या वस्तूविषयी बोलणार आहोत. विषयाचे नाव ऐकून काहींच्या मुखावर स्मित उमटले, ते आम्ही पाहिले. परंतु ज्या जमिनींच्या सात-बारावर आपल्या आजोबा-पणजोबांची नावे आहेत, त्या जमिनी पिकत्या राहाव्यात ही जर ज्ञातीची चिंता असेल, तर ज्या यंत्रावर आज त्यांचे पीक घरात येणे अवलंबून आहे त्याची चिंताही ज्ञातीनेच वाहिली पाहिजे.

प्रथम परिस्थितीचा विचार करू. महाबळेश्वराच्या पठारावरून उतरणारी सावित्री पोलादपुरावरून महाडास येते. महाडच्या परिसरात काळ आणि गांधारी तिला मिळतात, आणि पुढे बाणकोटच्या खाडीने ती समुद्रास जाते. या नद्यांच्या काठची सखल खाचरे आणि डोंगरउतारावरील बांधांची लहान लहान शेते, हीच आपली भातशेती. हळवे भात आश्विनात तयार होते, गरवे कार्तिकात. नेमक्या त्याच वेळी परतीचा पाऊस दाराशी उभा असतो. उभे पीक आडवे झाले आणि लोंब्या पाण्यात पडल्या, की चार दिवसांत दाण्यास कोंब फुटतो. म्हणजे वर्षाच्या श्रमाचा निकाल आठ-दहा दिवसांत लागतो.

पूर्वी हे आठ-दहा दिवस सावडीने निभावत. आज तुमच्या खाचरात दहा विळे, उद्या आमच्या. आता तरुण मंडळी मुंबई, पनवेल, पुणे येथे नोकरीस आहेत. घरी वृद्ध आईबाप. मजूर मिळत नाही. मिळाला तरी सर्वांस एकाच दिवशी हवा असतो. परिणामी चांगली खाचरे पड राहू लागली आहेत. ही उणीव भरून काढण्यासाठी अलीकडच्या वर्षांत रबरी पट्ट्यावर चालणारी लहान कापणी-मळणी यंत्रे कोकणच्या खाचरांत दिसू लागली. केंद्र सरकारने २०१४-१५ पासून कृषी यांत्रिकीकरणाचे उपअभियान सुरू केले, त्यात अवजारे भाड्याने देणाऱ्या केंद्रांसही साहाय्य मिळू लागले. तथापि नवे यंत्र घेण्याचे बळ सर्वांस कोठून असणार? म्हणून दुसऱ्याने वापरून विकलेले जुने यंत्र पाच-सात कुटुंबे मिळून घेतात. आजचे आमचे बोलणे अशा यंत्रांविषयी आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हे यंत्र सर्वत्र चालेल असे नाही. पोलादपूरच्या कड्याकपारीतील अरुंद शेतांत ते चढवणे धोक्याचे आहे. तेथे विळा, लहान कापणी यंत्र आणि मळणी यंत्र यांवरच भिस्त ठेवावी. नदीकाठच्या सखल खाचरांत मात्र ते उत्तम काम देते.

आता हे यंत्र करते काय, ते पाहू. आपल्या मातोश्री खळ्यावर जी चार कामे करीत तीच चार कामे हे यंत्र चालता चालता करते. कापणे, झोडणे, चाळणे आणि वारवणे. पुढची फिरकी पीक पात्यांकडे वाकवते. दातेरी पाती ते कापतात. साखळीचा सरकता पट्टा ते आत नेतो. दातांचा ड्रम ते जाळीवर घासून दाणा मोकळा करतो. खाली चाळणी हलत असते आणि पंखा पळंज व पाचोळा उडवून लावतो. ही कल्पना नवी नाही. स्कॉटलंडच्या अँड्र्यू मीकल याने १७८६ च्या सुमारास मळणीचे यंत्र केले. अमेरिकेत मिशिगन प्रांतात हायरम मूर याने १८३६ साली कापणी व मळणी एकत्र करणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले, आणि ते ओढण्यास घोड्यांचा मोठा ताफा लागे. आपल्या देशात मोहालीच्या पंजाब ट्रॅक्टर्स कारखान्याने १९८० साली स्वराज नावाचे कंबाइन बाजारात आणले. ती गव्हाच्या विस्तीर्ण शेतांची यंत्रे. आपल्या चिखलाच्या खाचरांस मानवतात ती मुख्यत्वे जपानी धाटणीची, रबरी पट्ट्यांची लहान यंत्रे.

चार कामे एकाच वेळी करणाऱ्या या यंत्रात झिजणारी ठिकाणे पुष्कळ आहेत. त्यात भात हे पीक यंत्राचे शत्रूच म्हणावे. भाताच्या तुसात सिलिका भरपूर असते. ती वाळूप्रमाणे लोखंड खाते. ड्रमचे दात पुढच्या अंगाने झिजतात, धान्य वर नेणाऱ्या मळसूत्राची कड पातळ होते, नळीचा पत्रा कागदासारखा होतो. ओला पेंढा फिरत्या दांड्यांना गुंडाळतो आणि हळूहळू तेलाच्या सीलमध्ये शिरतो. सील गेले की तेल गळते, तेल गळाले की बेअरिंग जाते, आणि बेअरिंग गेले की दांडाच खराब होतो. काही शे रुपयांच्या कामाचे हजारोंचे काम होते, ते असे.

म्हणून हंगामात रोजचा नेम पाळावा. सायंकाळी काम संपले, की यंत्र बंद करून, किल्ली काढून खिशात ठेवून, मगच दांड्यांवरचा पेंढा कापून काढावा. इंजिन चालू असता पात्यांत वा साखळीत हात घालणे म्हणजे प्रत्यक्ष संकटास आमंत्रण होय. चालकाने कितीही अनुभवाच्या गोष्टी सांगितल्या तरी हे कोणी करू देऊ नये. रेडिएटरपुढची जाळी आणि हवेचा फिल्टर झाडून घ्यावा, कारण इंजिन तापण्याचे कारण बहुधा तेथेच सापडते. ग्रीसचे प्रत्येक निपल पुसून मगच ग्रीस भरावे. न पुसता भरले, तर ग्रीसबरोबर धूळही आत जाते. सकाळी निघण्यापूर्वी पट्ट्यांचा ताण, साखळ्यांचा ढिलेपणा आणि पात्यांचे रिबीट हाताने चाचपून पाहावेत. सारे मिळून अर्ध्या तासाचे काम आहे.

परंतु यंत्राचे आयुष्य ठरते ते हंगामानंतर. आपल्याकडे खंडेनवमीस अवजारांची पूजा होते. तो आपला फार सुंदर संस्कार आहे. पण त्या दिवशी यंत्रावरची ताडपत्री काढली, झेंडूचा हार घातला आणि मग कळले की पट्टा तुटका आहे, तर तोवर हळवे भात कापणीस आलेले असते. दुकानात गर्दी, कारागिरास फुरसत नाही, आणि मागवलेला भाग वाटेत. आमचे म्हणणे असे, की यंत्राची खरी तपासणी मार्गशीर्षात करावी. नुकतेच काम झालेले असते, कोठे खडखड होत होती ते चालकाच्या कानात ताजे असते, कारागीर मोकळे असतात, आणि भाग मिळवण्यास नऊ-दहा महिने हाताशी असतात.

तपासणी झाली की यंत्र पावसाळ्यासाठी निजवावे. आतला दाणा अन् दाणा झाडून काढावा. राहिलेल्या दाण्यावर उंदीर येतात आणि धान्य संपले की वायरी कुरतडतात. पट्टे सैल करावेत. साखळ्या काढून, धुऊन, तेलात बुडवून ठेवाव्यात. डिझेलची टाकी भरून ठेवावी, कारण रिकाम्या टाकीच्या पत्र्यावर आपल्या दमट हवेत पाणी धरते आणि ते पंपात जाते. बॅटरी काढून घरात ठेवावी. रबरी पट्टे उन्हात वा ओल्या मातीवर राहू नयेत. यंत्र फळ्यांवर चढवावे. उघड्या चकचकीत भागांस ग्रीस फासावे. तीन हजार मिलिमीटरांच्या पावसात एक चौमास उघड्यावर काढलेले यंत्र तीन वर्षांनी म्हातारे होते, हे लक्षात असू द्यावे.

आता सुट्या भागांच्या प्रश्नाकडे वळू. आमच्याकडे ज्ञातिबांधव येतात आणि म्हणतात, “अहो, आमच्या यंत्राचा भाग कोठेच मिळत नाही, कंपनीने ते यंत्र बनवणेच सोडले.” आमचा अनुभव असा, की भाग यंत्राच्या नावाने मागितला तर पुष्कळदा मिळत नाही, मापाने मागितला तर बहुधा मिळतो. यासाठी भागांचे तीन वर्ग ध्यानात घ्यावेत.

पहिला वर्ग बाजारी मापाच्या भागांचा. बेअरिंग, पट्टे, साखळ्या, तेलाची सीले, नटबोल्ट हे कोणत्याही एका कारखान्याचे नसतात. जगभर त्यांची मापे ठरलेली आहेत. बेअरिंगच्या कडेवर आकडा कोरलेला असतो. समजा तो ६२०५ आहे. शेवटचे दोन आकडे ०५; त्यास पाचाने गुणावे म्हणजे पंचवीस, आणि आतल्या भोकाचा व्यास २५ मिलिमीटर. त्याचा बाहेरचा व्यास ५२ आणि जाडी १५ मिलिमीटर, ही ठरलेलीच. ६२०६ असेल तर भोक ३०. हा हिशेब ०४ पासून पुढे चालतो. आकड्यापुढे २आरएस असेल तर दोन्ही बाजूंस रबरी झाकण आहे, झेडझेड असेल तर पत्र्याचे. धुळीच्या जागी रबरी झाकणाचे घ्यावे. पट्ट्यावर बी-६० असे असेल, तर बी हे त्याच्या रुंदीचे चिन्ह, सुमारे १७ मिलिमीटर, आणि ६० म्हणजे आतल्या अंगाची लांबी साठ इंच. आकडा पुसला असेल तर दोन्ही पुल्यांवरून दोरी फिरवून अंदाज घ्यावा. एकाच पुलीवर दोन पट्टे जोडीने चालत असतील तर दोन्ही एकदम बदलावेत; एक नवा आणि एक जुना ठेवला तर सारा भार नव्यावर पडतो. तेलाच्या सीलवर ३५-५२-७ असे तीन आकडे असतात : दांड्याचा व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी. साखळीचे माप दोन खिळ्यांतील अंतराने होते. पाच-अष्टमांश इंची साखळीच्या बारा कड्यांची लांबी नवी असता १९०.५ मिलिमीटर भरते. ती ताणून १९४ च्या पुढे गेली, तर साखळी संपली असे समजावे. तिच्या चाकाचे दात आकड्यासारखे वाकडे झाले असतील तर चाकही बदलावे, नाहीतर नवी साखळी जुन्या चाकावर लवकरच जाते. रबरी पट्ट्यावरही असेच तीन आकडे असतात, उदाहरणार्थ ४००, ९० आणि ४७. म्हणजे रुंदी, दोन कड्यांतील अंतर आणि कड्यांची संख्या.

हे आकडे कागदावर लिहून मुंबईस पाठवले, तर नागदेवी स्ट्रीटवरील दुकानदार आपले यंत्र न पाहताही योग्य बेअरिंग व साखळी काढून देतो. पुण्याच्या नाना पेठेतही इंजिनाचे पुष्कळ सामान मिळते. मात्र स्वस्ताच्या मोहाने नकली माल घेऊ नये, आणि नवा भाग बसून यंत्र चालेपर्यंत जुना भाग फेकू नये. जुना भाग हाच सर्वांत प्रामाणिक नमुना होय.

दुसरा वर्ग घडवून घेण्याच्या भागांचा. झिजलेला दांडा, पितळी बुश, ड्रमचे दात, चाळणीचा पत्रा, पुली, मळसूत्राची कड ही कामे लेथवाला आणि वेल्डिंगवाला करू शकतो. महाडच्या औद्योगिक वसाहतीमुळे असे कुशल कारागीर आपल्याच तालुक्यात आहेत. बिडाचा भाग नव्याने ओतून हवा असेल, तर कोल्हापूरच्या ओतशाळांची परंपरा प्रसिद्ध आहे. येथे दोन पथ्ये पाळावीत. ड्रमचा एक दात बदलला, तर समोरचा दातही त्याच वजनाचा बसवावा. वेगाने फिरणारा ड्रम एका अंगास जड झाला की सारे यंत्र थरथरते आणि बेअरिंगे जातात. आणि वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरीची वायर सोडावी व आजूबाजूचा पेंढा झाडून टाकावा.

तिसरा वर्ग मूळ कारखान्यावाचून न मिळणाऱ्या भागांचा : गिअरपेटीतील चाके, हायड्रॉलिक पंप, इंजिनाच्या डिझेल पंपाचे अंतर्भाग. येथे मापाने भागत नाही. यंत्राच्या पट्टीवरील क्रमांक आणि भागांच्या पुस्तकातील क्रमांक लागतो. ती पट्टी गंजण्यापूर्वी तिची नक्कल उतरून घ्यावी. डिझेल पंप गावात उघडू नये. तो सरळ पंप-नोझलच्या दुकानी न्यावा. आणि जुने यंत्र घेण्यापूर्वीच चौकशी करावी, की याच बनावटीची आणखी किती यंत्रे आपल्या आसपास आहेत. एकटे यंत्र स्वस्त मिळाले तरी महाग पडते. चार गावांत एकाच बनावटीची यंत्रे असली, तर पुढे त्यांतले एक भंगारात निघाले तरी उरलेल्या तिघांस ते सुट्या भागांचे कोठार होते.

बंधुभगिनींनो, आपल्या भागात आणखी एका आपत्तीचा विचार करावा लागतो. २२ जुलै २०२१ चा दिवस आपणांपैकी कोणीही विसरलेला नाही. महाड शहरात पुराचे पाणी शिरले; त्याच दिवशी तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली, आणि पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी व केवनाळे येथेही दरडींनी बळी घेतले. माणसांच्या त्या हानीपुढे यंत्राची गोष्ट काढणे आम्हांस जड जाते. परंतु जे मागे राहिले त्यांस पुन्हा उभे राहावयाचे असते, आणि ते यंत्रावाचून होत नाही. म्हणून सांगतो : पुराच्या पाण्यात बुडालेले यंत्र “चालते का पाहू” म्हणून कधीही चालू करू नये. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबले जात नाही. दांडा वाकतो आणि इंजिन कायमचे जाते. प्रथम बॅटरी सोडावी, गाळ वाळण्यापूर्वी स्वच्छ पाण्याने धुवावा, इंजिन व गिअरपेटीचे तेल आणि टाकीतील डिझेल पूर्ण काढून टाकावे. नोझल काढून इंजिन हाताने फिरवावे, म्हणजे आतले पाणी बाहेर पडेल. फिल्टर सर्व नवे घालावेत. नवे तेल भरून थोडा वेळ चालवावे आणि तेही तेल काढून पुन्हा नवे भरावे. स्टार्टर व इतर विजेचे भाग खोलून वाळवावेत. झाकणबंद बेअरिंगांवर विश्वास न ठेवता ती बदलावीत, कारण त्यांतला गंज हंगामात उघड होतो. आणि सर्वांत उत्तम उपाय म्हणजे यंत्र नदीकाठच्या गोठ्यात न ठेवता आषाढापूर्वीच उंच जागी नेणे.

शेवटी जे बोलावयाचे ते यंत्राविषयी नसून आपणांविषयी आहे. सामायिक यंत्र बहुधा झिजेने मरत नाही. ते “दुसरा पाहील” या वृत्तीने मरते. ज्याच्या खाचरात पट्टा तुटला त्यानेच तो आणावा काय? भाड्याचे पैसे आले ते वाटून घ्यावेत की भागांसाठी राखावेत? या प्रश्नांची उत्तरे आधी ठरली नाहीत, तर यंत्र बंद पडते आणि त्याबरोबर सख्ख्या भावाभावांचे बोलणेही बंद पडते. असे यंत्र वेलींनी वेढलेले आम्ही पाहिले आहे, आणि त्याच्या दोहो बाजूंची घरेही पाहिली आहेत.

आपल्या ज्ञातीत या विद्येची उणीव नाही. आपले वाडवडील गिरणगावात फिटर, टर्नर, तेलवाले म्हणून राबले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद झाल्या, पुष्कळ जण गावी परतले. पण कानाने यंत्राचा बिघाड ओळखण्याची त्यांची विद्या गिरणीबरोबर बंद झाली नाही. ती आज ओटीवर बसलेली आहे. तिला विचारणारा नातू हवा.

म्हणून संस्थेपुढे आम्ही पाच सूचना नम्रपणे ठेवतो. एक, प्रत्येक सामायिक यंत्राची एक वही असावी. तीत चाललेले तास, बदललेला भाग, त्याचा आकडा, दुकान व किंमत लिहावी. दोन, भाड्यातून ठरावीक हिस्सा भागांसाठी निराळा ठेवावा, आणि तो कोणी मागू नये. तीन, प्रत्येक यंत्राबरोबर एक पेटी असावी : दोन पट्टे, साखळीची जोडकडी, काही पाती व रिबीट, नेहमी जाणारी दोन-तीन बेअरिंगे, सीले व फिल्टर. चार, मार्गशीर्षात एक दिवस सर्वांनी जमून तपासणी करावी; त्या दिवशी वृद्ध कारागिरांस मानाने बोलवावे आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत शिकणाऱ्या आपल्या मुलांस त्यांच्याजवळ बसवावे. पाच, मुंबई शाखेने हंगामाच्या दीड महिन्यासाठी दोघा सभासदांवर काम सोपवावे, की गावाहून आकडा आला की त्याच दिवशी भाग घ्यावा आणि रात्रीच्या गाडीने पाठवावा. जो चाकरमानी कापणीस येऊ शकत नाही, त्याने निदान एक बेअरिंग वेळेवर पाठवले, तरी तो त्या खाचरात उभा राहिल्यासारखाच आहे.

यंत्र विकत घेणे हा एका दिवसाचा उत्सव. ते चालते ठेवणे हा बारा महिन्यांचा संसार आहे. संसार नेटाने करण्याची आपल्या घरांची रीत आहे, आणि तीच या कामीही उपयोगी पडेल असा आमचा विश्वास आहे.